भाईंदरला समुद्र आहे

२० मार्च २००६, सोमवार
मेहुण्याचा फोन. त्याने पुन्हा विचारलं, तुमच्या मिरा रोडला बघण्यासारखं आहे तरी काय? कंटाळलो या प्रश्नाला. शेजारी भाईंदरच्या उत्तनला अख्खा समुद्र आहे, पण भाईंदर म्हटलं की लोकांना फक्त स्टेशन आठवतं. मालवणला लोक किल्ला बघायला जात नाहीत, मासे खायला जातात. तेव्हा ठरलं. बँकेतून व्हीआरएस घेतली ती सिल्व्हर पार्कात पेपर वाचत बसायला नाही. पर्यटकांना उत्तनचे मासे खिलवणार.

२३ मार्च
उत्तनला जाऊन आलो. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास बसमध्येच आला. फुकटची पब्लिसिटी. मर्सीबाय नावाच्या कोळणीने तिच्या पडवीत जेवण द्यायचं कबूल केलं. मासे तिचे, रांधणं तिचं, मॅनेजमेंट माझं.

२८ मार्च
नाशिकच्या नीलिमाताई सहली काढतात. पंधरा माणसं आणतायत. जेवण आवडलं तर दर महिन्याला ग्रुप. तारीख मी स्वतः काढली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी बाद. तेराला हनुमान जयंती, तीही टाळली. शुक्रवार, १४ एप्रिल. आंबेडकर जयंतीची सुट्टी. प्लॅनिंग म्हणतात ते हे.

६ एप्रिल
मर्सीबायला फोनवर तारीख सांगितली. म्हणाली, त्या दिशी न्हाय जमणार, दुसरा दिस धरा. मासळीबाजारात घासाघीस करण्यात उभं आयुष्य गेलंय माझं. सौदा असाच सुरू होतो. ठरलं म्हणालो आणि फोन ठेवला. मनोरमा म्हणाली, अहो, का जमत नाही ते तरी विचारायचं. बायकांना धंदा कळत नाही.

१० एप्रिल
झोप नाही. मेनू कार्ड छापून आलं: भरलेलं पापलेट, ओले बोंबील, कोळंबीचं कालवण. मनोरमा बघून फक्त बरं म्हणाली. ती हल्ली एवढंच म्हणते.

१४ एप्रिल, सकाळी ११
उत्तन. सगळ्या बोटी किनाऱ्याला. मासळी घेऊन एक बाई बसलेली नाही. काळ्या कपड्यांतली माणसं चर्चकडे चाललीयत. नीलिमाताईंनी हळूच विचारलं, कोण गेलं? मर्सीबाय म्हणाली, येशू. आज गुड फ्रायडे हाय.

आपले सगळे उपास मी बघितले होते. मासे पकडणाऱ्यांचाही उपास असतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

दुपारी
मर्सीबायने पंधराही जणांना पडवीत बसवून तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं वाढलं. ती स्वतः उपाशी. मेनू कार्डं मी पिशवीतून काढलीच नाहीत. फार वाईट वाटलं. तरी याला ट्रेलर म्हणायला हरकत नाही.

२० एप्रिल
नीलिमाताईंचा फोन. माफीचं भाषण पाठ करून ठेवलं होतं, लागलंच नाही. लोक खूश आहेत. भाईंदरला समुद्र आहे आणि तिथली माणसं स्वतः उपाशी राहून पाहुण्याला जेवू घालतात, असं नाशिकभर सांगतायत. दर महिन्याला ग्रुप येणार, मासेही खाणार. मी म्हणालो, तारखा काढतो. त्या म्हणाल्या, नको, मर्सीबायचा नंबर द्या. दिला.

२ मे
मर्सीबायचा फोन मनोरमाने घेतला. रविवारी चाळीस पानं हायेत, वाढायला मानूस कमी पडतंय, तुज्या नवऱ्याला पाठव म्हणाली. मनोरमाने मला न विचारता हो सांगून टाकलं.