लेथ ऐकव

प्रिय पुस्तकी किड्या,

डॉक्टरांनी बाबांच्या मेंदूच्या फोटोतल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि आमच्या घराचं सगळंच फिरलं. ते म्हणाले, "हातपाय हलवणाऱ्या भागात लोह साठलंय, तो भाग झिजतोय. पण हे लोह शरीरातलंच, बाहेरून आलेलं नाही."

शेवटचं वाक्य आईने ऐकलंच नाही. तिच्या मते लेथ यंत्रावर लोखंड कातताना उडणारा कीस बाबांच्या डोक्यात शिरला. तिने घरातला लोखंडी तवा, कात्रीसुद्धा फेकली आणि घरामागच्या बाबांच्या वर्कशॉपला कुलूप ठोकलं.

"त्या लेथपायी कॉलेज सोडलंस, आता डोकंही घालव!" मला म्हणते. मी ओरडतो, ती रडते. तू असतीस तर तिला एका वाक्यात पटवलं असतंस. पण तू "आधी शांत हो, मग भेट" म्हणून गेलीस. कसा होऊ गं शांत? बाबांची जीभही जड झालीय. आज महत्प्रयासाने एवढंच म्हणाले, "लेथ... ऐकव."

आई चावी मुठीतून सोडत नाही, म्हणून कुलूप तोडायला हातोडा घेतलाय. बाबांच्या उशाची, वर्कशॉपकडची खिडकी उघडून ठेवलीय. हे पत्र तुला धाडणार नाही. आई हाका मारतेय. मी निघतो, घराचं दार ओढून घेतो.

तुझाच,
अजून न निवलेला