टाचेवरच्या तिरक्या पट्टीची वाटणी

मी, बुटांच्या कारखान्यातली निवृत्त चाचणी-धावपटू, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणी हात न धरता लिहीत आहे. माझं डोकं फिरलंय असं भाचा, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, चारचौघांत सांगतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत ताईच्या मुलीला, मिळावी. ताई त्याच कारखान्यात बूट बेतायची आणि मी ते घालून फाटेपर्यंत पळायची. एका बुटाची शिवण माझ्या टाचेला चावायची. ताईने ती तिरकी वळवली, वर पट्टी लावली. तो बूट बाजारात वर्षानुवर्षे चालला.

२. भाच्याचा टोप्या-टीशर्टांचा ब्रँड आहे. त्याने कारखान्याच्या नव्या मालकांशी संधान बांधून तोच बूट 'रेट्रो' म्हणून पुन्हा काढला. पट्टीखाली छापलं, 'बंडखोर शहराचा वेग'. अनावरणाला मला 'आमच्या ब्रँडची आजी' म्हणून उभं केलं. मी आत्या आहे. दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "हा वेगबिग काही नाही. मला फोड यायचा, म्हणून माझ्या ताईने शिवण वळवली. खोक्यावर तिचं नाव घाला." टाळ्या पडल्या, भाच्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, पोर वरमलं. महिन्याभरात त्याने नवी आवृत्ती काढली: 'फोड'. हातोहात खपली. ताईचं नाव त्याही खोक्यावर नाही. जाब विचारला तर म्हणाला, "आत्या, ते डिझाइनमध्ये बसत नव्हतं गं."

'फोड'चा एक जोड त्याने मला भेट दिला आणि घालू नकोस, भाव उतरतो, असं बजावलं. तो जोड त्यालाच परत द्यावा. माझ्या अंत्ययात्रेत त्याने तो घालून शेवटपर्यंत पायी यावं. माप माझं आहे. बसवून घ्यावं.

३. ताईने स्वतः शिवलेला जुना जोड त्याला काचेच्या पेटीत ठेवायला हवा आहे. तो मिळणार नाही. मी त्याला नवे तळ लावून घेतले. त्यामुळे त्याची 'अस्सलता' गेली म्हणून भाचा दोन दिवस जेवला नाही. हा जोड भाचीचा. ती दिवसभर उभी राहून लोकांचे केस कापते. मळला तर धुवावा, उसवला तर शिवावा, पार गेला की खुशाल टाकून द्यावा. ताईने तो पायात घालायला केला होता.

साक्षीदार: १. शेजारी राहणाऱ्या दातांच्या डॉक्टर. २. खालच्या मजल्यावरचे शिंपी.
(लाभार्थी असल्याने भाच्याला साक्षीदार होता येत नाही. कलम दोन वाचेपर्यंत त्याला लाभार्थी असल्याचा आनंद राहील.)

सही: निवृत्त चाचणी-धावपटू
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च