वाऱ्यातून चाळीस टक्के वजा

७ जुलै २०२५, सोमवार

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि आज पुन्हा त्याच गेटवर सही. पहारेकरी नवीन. "किससे मिलना है, माताजी?" माताजी! तीस वर्षं या कंट्रोल रूममध्ये काढली. नाव सांगितल्यावर खुर्चीतून उठला. म्हणजे नाव अजून शिल्लक आहे.

काम तीन आठवड्यांचं. राज्यातल्या पवनचक्क्या ऐन वाऱ्यात बंद ठेवाव्या लागतात. का, ते शोधून अहवाल द्यायचा. गेल्या जूनमध्ये बावीस दिवस थांबवल्या. वारा होता, पाती फिरत होती, आणि आमच्याच माणसांनी फोन करून सांगितलं, बंद करा. कारण कोळशाची युनिटं आधीच पूर्ण जोरात. जेवढी वीज लागते तेवढीच त्या क्षणाला बनवायची असते, आणि कोळशाचं युनिट काही चहाच्या शेगडीसारखं बंद-चालू करता येत नाही. मग थांबतो तो वारा.

दिगंबर आता तिथला प्रमुख. माझ्या हाताखाली शिकला. तेव्हा शर्ट बाहेर असायचा, आता आत खोचलेला. "मॅडम, तुम्हालाच सापडेल. सिस्टिम तर तुमचीच आहे." गोड बोलतो, पण नजर टाळत होता.

८ जुलै

नजर का टाळत होता ते कळलं. शिफ्टच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी. पिवळी पडलेली. अक्षर माझं.

"वाऱ्याचा अंदाज आला की त्यातून चाळीस टक्के वजा करा. उरेल तेवढाच धरा. — वै."

"अजून पाळता हे?"

"मॅडम की कटौती म्हणतात इथे. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही लिहिलंय."

चिठ्ठी कशी आली ते मी विसरलेले नाही. १९ जुलै २०११. अंदाज दोनशे मेगावॉटचा. संध्याकाळी सातला वारा पडला, हातात आले सत्तर. कोळशाची युनिटं मी त्या अंदाजावर विसंबून कमी ठेवली होती. मग मीच एकेक फीडर बंद करत गेले. एक फीडर म्हणजे एक वस्ती अंधारात. असे अकरा. सव्वा तास. अंदाज पाठवणारा नरहर नावाचा माणूस होता. त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली, त्याचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिली.

चूक केली असं आजही वाटत नाही. पण चिठ्ठी एका हंगामासाठी होती. तिला चौदा वर्षं कोणी हात लावला नाही, निवृत्त होईपर्यंत मीही नाही.

९ जुलै

दिवसभर आकडे. चिठ्ठीनंही सगळा हिशेब लागत नाही. अंदाज येतो सत्तरचा, आम्ही धरतो बेचाळीस, आणि वारा देतो शंभर. रोज थोड्याफार फरकानं हेच. वारा कधी चढेल, कधी पडेल. रोज एकाच बाजूला चुकणारा अंदाज हा अंदाज नव्हे. त्यात कोणाचा तरी हात आहे.

१० जुलै

आमटी अळणी. नीळकंठांना म्हटलं, "डॉक्टरांनी मीठ अर्धं करा म्हटलंय, बंद करा म्हटलेलं नाही."

"मी अर्धंच घालतो."

"मग?"

"मग तू काल वाटीतलं मीठ अर्धं काढून ठेवलंस. मी त्याच्या अर्धं घातलं."

पळी हातात धरून तशीच उभी राहिले. हे विचारत होते, काय झालं, एवढी वाईट झाली का. मी म्हटलं, उद्या मला नेहरू नगरला जायचंय.

११ जुलै, शुक्रवार

अंदाज पाठवणारी कंपनी नेहरू नगरात, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर. चार टेबलं, सात स्क्रीन, एक फिकट नकाशा. शमिका नावाची मुलगी भेटली. सव्वीस-सत्तावीसची. पश्चिमेकडच्या टेकड्यांवरच्या सगळ्या चक्क्यांचा अंदाज तीच काढते, पंधरा-पंधरा मिनिटांचा. तिचे सर म्हणे सकाळीच साईटवर गेले. "तुम्ही येणार म्हटल्यावर अचानक निघाले, मॅम. सॉरी."

मी सरळ विचारलं. "आम्हाला पाठवण्याआधी आकडा कापतेस का?"

मुलगी लालबुंद झाली. मग म्हणाली, "तीस टक्के. सरांचा जुना नियम आहे. ते म्हणतात, एकदा फटका बसलाय. जास्त सांगून कमी आलं तर जान खातात लोग. कमी सांगून जास्त आलं तर कोई कुछ नहीं बोलता."

शंभरातले तीस ती कापते. राहिले सत्तर. त्यातले चाळीस टक्के आम्ही कापतो. राहिले बेचाळीस. मधल्या अठ्ठावन्नासाठी आम्ही रोज कोळसा जाळून ठेवतो. आणि मग खरा वारा आला की त्याला हात जोडून सांगतो, बाबा, जागा नाही.

"आम्हीही कापतो," मी म्हटलं.

"तुम्ही पण?" तिनं तोंडावर हात ठेवला. आणि हसली. मला हसू आलं नाही. रिक्षात आलं.

१२ जुलै

आकडे जुळले, पण चिडचिड तशीच.

१४ जुलै, सोमवार

वरच्या साहेबांसमोर मांडलं. दोन्हीकडची कपात बंद करून बघू या म्हटलं. दिगंबर विरोधात. मला बरं वाटलं, निदान बोलला तरी. "मॅडम, जबाबदारी कोण घेणार? फीडर बंद पडला की लोक मला फोन करतात, वाऱ्याला नाही."

ठरलं ते असं. १७ तारखेपासून सात संध्याकाळी. शमिकानं आकडा जसा आहे तसा पाठवायचा, आम्ही जसा आहे तसा धरायचा. सातपैकी एकाही संध्याकाळी विजेअभावी एक जरी फीडर बंद करावा लागला, तर प्रयोग तिथेच थांबणार. चिठ्ठी कायम, आणि तिची सरकारी सूचना होणार. माझ्याच नावानं!

शमिकाला कळवलं. तिनं सरांना विचारलं. "सर म्हणाले, पाठव. पण त्याआधी, हे मॅडमनीच सांगितलं का, असं दोनदा विचारलं."

१७ जुलै

पहिली संध्याकाळ. कोळशाची दोन युनिटं दुपारपासून अर्ध्यावर आणली. नीळकंठांना सांगितलं तर वाईट वाटलं त्यांना. त्यातल्या एकाचं टर्बाइन त्यांच्या कारखान्यात, त्यांच्याच शॉपमध्ये बनलेलं. आनंद नगरातल्या आमच्या घरात लग्नाचा फोटो आतल्या खोलीत आहे आणि त्या टर्बाइनचा दिवाणखान्यात. "घोडा बांधून ठेवायचा आणि पतंगावर बसून जायचं म्हणतेस," म्हणाले.

सहा ते नऊ तिथेच उभी होते. अंदाज आणि वारा यांत सहा टक्के फरक. एकही चक्की थांबवली नाही. एकही फीडर गेला नाही.

१८ जुलै

आजही ठीक. पण काहीतरी खटकत होतं, म्हणून दिगंबरचा कागद मागितला. अंदाज चारशे वीस, त्यानं धरलेले तीनशे अठ्ठ्याहत्तर.

"हे काय?"

"फक्त दहा टक्के, मॅडम."

"कशाबद्दल?"

"आदत है. काही कापलं नाही तर पेन पुढे सरकत नाही."

कागद फाडला. त्याच्यासमोर. नंतर वाटलं, जरा जास्त झालं. पण उद्या कापणार नाही.

१९ जुलै

तिसरी. बरोबर चौदा वर्षं झाली त्या संध्याकाळला. कोणाच्या लक्षात नाही. बरं आहे.

२० जुलै, रविवार

चौथी पार पडली. शमिकानं चक्क्यांच्या साईटवरून आलेला फोटो पाठवला. रविवारी विजेची मागणी कमी, तरी सगळ्या फिरताहेत. खाली लिहिलं, "मॅम, एक भी बंद नहीं!" मी उत्तर पाठवलं, अजून तीन आहेत.

तरी फोटो तीनदा पाहिला.

२१ जुलै, सोमवार

सविस्तर लिहून ठेवते.

दुपारी साडेचारला शमिकाचा फोन. "मॅम, सकाळचा अंदाज बदलतेय. सातच्या सुमाराला वारा पडेल. पाऊण तासात निम्म्याखाली. कॉम्प्युटरवरचं मॉडेल अजून तसं दाखवत नाहीये, पण पश्चिमेकडच्या तीन साईटवर हवा जशी बदलतेय तशी मी आधी पाहिलीय."

मी म्हटलं, "बरं. नोंद घेते."

"नोंद नको, मॅम. काय करणार ते सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काय करणार ते कळल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही."

राग आला. या वयाच्या मुलीनं मला असं बोलावं! "कोणी शिकवलं तुला हे?"

"सरांनी. पहिल्याच दिवशी. म्हणाले, वारा चढणार असेल तर मेसेज कर. पडणार असेल तर फोन कर, आणि समोरचा उठून काहीतरी करेपर्यंत फोन ठेवू नको."

दिगंबर शेजारी उभा. मान हलवत होता. "मॅडम, मॉडेल नाही म्हणतंय. आणि आत्ता कोळसा चढवला आणि वारा पडला नाही तर? वीज जास्त होणार, चक्क्या बंद करा. आपण परत जिथे होतो तिथे."

फोन तसाच चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून घरी लावला. "अहो, तुमचं मशीन अर्ध्यावर आहे. पूर्ण चढायला किती वेळ?"

"घाई करू नका. दीड तास द्या, म्हणजे तब्येत बिघडणार नाही त्याची." मग थांबून, "मला कधी विचारलंस ते आठवत नाही बुवा नोकरीच्या काळात."

"आत्ता विचारलं ना."

दीड तास. म्हणजे पाचला सांगितलं तर साडेसहाला तयार.

मी दिगंबरला म्हटलं, "मुलीनं चढता आकडा सांगितला तो खरा मानायचा आणि उतरता सांगितला तो खोटा, असं चालणार नाही. दोन्ही युनिटं चढवायला सांग. धरणावरची दोन यंत्रंही तयार ठेव." मग फोनमध्ये म्हटलं, "शमिका, ऐकलंस?"

"ऐकलं, मॅम. आता ठेवते."

सात वाजून पाच मिनिटांनी वारा हलला. सात चाळीसला निम्म्याच्या खाली. शिफ्टवरची सगळी माणसं स्क्रीनसमोर. कोळसा भरीला होता. धरणाचं एकच यंत्र लागलं. साडेआठला वारा पुन्हा आला आणि आम्ही कोळसा उतरवायला सुरुवात केली.

एकही फीडर नाही.

दिगंबरनं स्वतः चहा आणला. कपात साखर नव्हती, विसरला होता. हळूच म्हणाला, "मॅडम, त्या वेळी, अकरा साली, असा फोन आला असता तर किती बरं झालं असतं."

"आला नव्हता," मी म्हटलं.

२२ जुलै

सहावी. तीन टक्के फरक. नीळकंठ विचारत होते, घोडा कसा आहे. म्हटलं, बांधलेला आहे आणि खूश आहे.

२३ जुलै, बुधवार

सातवी संपली. साहेबांनी तिथेच सांगितलं, हा हंगामभर असंच चालवा, अहवाल आला की पुढचं बघू. शिफ्टच्या पोरांनी टेबलावरची काच उचलली. चिठ्ठी काचेला चिकटली होती. पाण्याचा हात लावून सोडवली. दिगंबर म्हणाला, "मी ठेवू? तुमची आठवण." दिली नाही. पर्समध्ये टाकली. आठवणीसाठी दुसरं काहीतरी देईन, चांगलं.

सात संध्याकाळी, एकही चक्की थांबवली नाही. घरी आल्यावर आमटीला मीठ बरोबर होतं. हे म्हणाले, "एकानंच घालायचं ठरवलंय."

२५ जुलै

अहवाल लिहायला घेतला. चिठ्ठी का आली हेही त्यात यायला हवं. २०११चं शिफ्ट रजिस्टर मागवलंय. नरहरच्या चुकीचा पुरावा म्हणून त्या संध्याकाळचं पान जोडते.

२६ जुलै, शनिवार

रजिस्टर मिळालं. १९ जुलै २०११. सगळं पान माझ्या अक्षरात. सातच्या आधी, चार वाजून चाळीस मिनिटांची एक ओळ:

"नरहरचा फोन. वारा सातला पडेल म्हणतो. नोंद घेतली."

तीनदा वाचली. फोन आला होता. मी फक्त नोंद घेतली होती.

शमिकाला फोन केला. विचारलं, तुझ्या सरांचं नाव काय?

"नरहर सर. का, मॅम? ओळखता तुम्ही?"

हो म्हटलं. नंबर घेतला. हे पान अहवालात पहिलं जाईल. त्याआधी त्यांना फोन करायचा आहे. उद्या, सकाळी दहाला. ते काय म्हणतात ते म्हणू देत. मी आधी फोन ठेवणार नाही.