कमिटी घर बघायला येते

८ जुलै, मंगळवार
सकाळीच अण्णा दारात. तालमीचे अध्यक्ष, वय सत्तरीच्या पुढे. बेल असली तरी कडीच आपटतात. "वैनी, तुम्ही लिवता न्हवं? मग कमिटीवर या."
गल्लीत वाढलेला आणि आता परदेशात असलेला एक इंजिनियर गल्लीतल्या तीन मुलांच्या कॉलेजचा खर्च उचलणार आहे. अट एकच. मदत खऱ्या गरजूलाच. कमिटीनं घरी जाऊन बघायचं, घरात काय काय आहे ते फॉर्मवर लिहायचं. सोफा-फ्रिजवाल्यांना मिळणार नाही. कमिटी म्हणजे अण्णा, निवृत्त मुल्लाणी सर आणि मी.
म्हटलं, अण्णा, मी कथा लिहिते, अहवाल नाही.
"कथेत खोटं लिवायचं, ह्यात खरं. सोपंच हाय की."
हो म्हणून बसले. मला नाही म्हणायला दोन दिवस लागतात, तोवर विचारणारा निघून गेलेला असतो.

१० जुलै, गुरुवार
तालमीच्या फळ्यावर दोन दिवस सूचना. अर्ज शून्य.
सगळ्यांनी वाचलीय मात्र. जो भेटतो तो दुसऱ्याचं नाव सुचवतो. "समोरच्यांना द्या, त्यांचं लई अवघड हाय." समोरचे म्हणतात, "आमाला काय धाड भरलीया? मागच्यांना बघा." मागच्यांनी आमच्याच घराकडं बोट दाखवलं. "वैनी, लिवण्यावर भागतं का ओ तुमचं?"
संध्याकाळी पहिला अर्ज. तनुजा, गल्लीतल्याच सुरेखाची मुलगी. मिरजेला नर्सिंगला नंबर लागलाय. वडील शिरोलीच्या फौंड्रीत, सध्या आठवड्यातनं तीनच दिवस काम. सोमवारी, २१ला, फी भरली नाही तर जागा जाणार. अर्ज सुबक अक्षरात. पालकांच्या सहीची जागा रिकामी.
"आईची सही मागनं आणतो, काकू," म्हणाली आणि चप्पल घालायच्या आत पळाली.

१२ जुलै, शनिवार
तनुजानं केला म्हटल्यावर आणखी चार अर्ज. पाच झाले.
अण्णांनी पाचही घरी निरोप धाडला, उद्यापासनं येतोय, घरात असा. मी म्हटलं, न सांगता गेलो तर खरं दिसेल. अण्णा दुखावले. "न सांगता कुणाच्या घरात घुसायचं? आपुन काय वसुलीला चाललोय?"

१३ जुलै, रविवार
तीन घरं झाली. जेवण नको झालंय.
पहिलं घर. मरून सोफा, सोनेरी झालर. पोहे. अण्णांनी फॉर्मवर लिहिलं, 'सोफा आहे.'
बाहेर पडतोय तर एकानं रस्त्यात अडवलं आणि पान खायला नेलंच. पंधरा मिनिटं गेली.
दुसरं घर. मरून सोफा, सोनेरी झालर. शिरा. मुल्लाणी सर म्हणाले, "मॅडम, एकाच दुकानातून घेतलेले दिसतात." पुन्हा कुणीतरी अडवलं. पुन्हा पान.
तिसरं घर तनुजाचं. दहा बाय बाराची खोली. दारातनं आत जायला सोफ्यावरूनच जावं लागतं, इतकी त्यानं खोली व्यापलेली. मी बसले तिथं झालरीत एक पोहा अडकला होता. ह्या घरात तर पोहे केलेच नव्हते. इथं भजी होती.
मग चहा आला. निळ्या फुलांचे कप. माझ्याकडंही असेच आहेत. एकाचा कान निखळला होता, मीच गोंद लावून बसवला होता, जरा तिरका. हातातल्या कपाचा कान तिरका.
वर बघितलं. सुरेखा माझ्याकडंच बघत होती. अशी, की मी गुमान चहा प्यायले.
अण्णांनी लिहिलं, 'परिस्थिती उत्तम.' तनुजा दाराला टेकून जमिनीकडं बघत उभी.

१४ जुलै, सोमवार
सासूबाईंना विचारलं, "आई, आपले निळे कप?"
"सुरेखा न्हेऊन गेली. पावणं येणार म्हणाली."
"आई, ते पावणं मीच."
"मग चांगल्या कपात च्या मिळाला न्हवं?"
सोफा कोपऱ्यावरच्या घरचा, हेही त्यांच्याकडूनच कळलं. पोरगी बघायला पाहुणे येतात तेव्हा गल्लीत ज्या घरी कार्यक्रम त्या घरी तो जातो. चार लग्नं जमवलीत त्यानं. कमिटी घर बघायला येणार म्हटल्यावर बायकांनी सवयीनं तेच केलं. कुणी कट केलेला नाही. बघायला कुणी आलं की मांडायचं, एवढंच.
हसत होते. मग एकदम आठवलं, तनुजाच्या फीच्या सोमवारला सातच दिवस.

१६ जुलै, बुधवार
उरलेली दोन घरं न सांगता बघायची, असं अण्णांकडून कबूल करून घेतलं. त्यांनी फक्त घरी बायकोला सांगितलं.
पहिल्याच वळणावर सोफा. उभा केलेला, खाली चार बायका, पुढचीचं फक्त कपाळ दिसत होतं. आम्हाला बघून सोफा थांबला.
मग अण्णांनी छत्री माझ्याकडं दिली. "सोडा गं बायांनो, कंबर मोडंल." पुढची बाजू त्यांनी धरली, मागची मुल्लाणी सरांनी, मी उशा घेतल्या. चौथ्या घरात नेऊन ठेवला. "जरा डावीकडं घ्या, सर. हां." मग अण्णा त्यावर बसले, दम खाल्ला, घाम पुसला, फॉर्म काढला आणि लिहिलं, 'सोफा आहे.'
पाचव्या घरीही हेच झालं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, अहो!"
"दिसतंय मला, वैनी. पैल्या घरापासनं दिसतंय. पर बाई मान वर करून 'बसा' म्हणती, तिच्या तोंडावर 'हे तुझं न्हवं' कसं म्हणू?"
"आणि तनुजाची जागा?"
त्यांनी माझ्या हातातली छत्री परत घेतली. मग म्हणाले, "तुम्ही तिचा नवा फॉर्म लिवा, खरा. बाकीच्यांचं मी नि सर बघतो. शनवारी सकाळी नावं धाडायची हाईत. पर खाली आईची सही पायजे, घर ती चालवती. घरच्यांच्या सहीबिगर मी ह्या गल्लीत कुणाला गरीब म्हणणार न्हाई."

१७ जुलै, गुरुवार
नवा फॉर्म लिहिला. एक खोली. गॅस, पंखा, लोखंडी कॉट, शिलाई मशीन. चार ओळी. माझ्या कुठल्याही कथेत इतकं थोडं लिहून मला थांबता आलेलं नाही.
तनुजा येऊन वाचून गेली. "कॉट राहू दे की नको, काकू?"
"असू दे. आहे ना?"
"हाय. पर हालती." मग म्हणाली, "आई म्हणती, दागिना मोडंन पर कमिटीला सही देणार न्हाई. दागिना कुठला, ते मी इचारलं न्हाई."

१८ जुलै, शुक्रवार
आज आमच्या गल्लीनं आषाढातलं नवं पाणी टेंबलाई देवीला घालायला वाजतगाजत जायचं. सकाळपासून ताशा कडाडतोय.
दहाला सुरेखा आली. काठाची साडी, केसात गजरा. बसली नाही. "वैनी, कागद दावा."
उभ्यानं वाचला. दोनदा. "बरोबर लिवलासा," म्हणाली, आणि तेच तिला सहन होईना. "उद्या पोरीला बघायला येणारं स्थळ म्हणंल, हिला गल्लीनं शिकवली. तुमाला न्हाई कळायचं त्ये."
मग मी बोलून गेले. मी स्वतः तीन वर्षं एका ट्रस्टच्या मदतीवर शिकले. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्या घरात कधी बोलले नव्हते.
स्वयंपाकघरातला सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज बंद पडला.
सुरेखानं आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. "मेलासा की, वैनी आता!" हसता हसता डोळे पुसले. कागदाची घडी घालून कमरेला खोचली. "सही?" मी विचारलं. "पाणी घालून येतो. मग बघू."
गॅलरीत उभी राहिले. पुढं अण्णा फेटा बांधून, मागं वाजंत्री, मग बायका डोक्यावर कळशी घेऊन. सुरेखाच्या शेजारी तनुजा. काहीतरी सांगत होती, हातवारे करून. सुरेखा सरळ पुढं बघत चाललेली, कळशी न हलवता.
सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी बोलणी खायच्या तयारीत होते.
"तुझ्या कागदावर आईनं सही केलती?"
"वडलांनी. आई चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती."
"आणि पाचव्या दिशी?"
"पाचव्या दिवशी मला एसटीत बसवायला आली."
त्या काही म्हणाल्या, ताशात ऐकू आलं नाही. मिरवणूक कोपऱ्यावर वळली. कागद सुरेखाच्या कमरेलाच आहे. अण्णा उद्या अकराला नावं धाडणार.