वर्क्स की वर्क्ड

चेन्नई, मंगळवार संध्याकाळ

शेजारचे कुलकर्णी रेल्वेतून निवृत्त झाले तरी घाईतच असतात. आज मोबाईल पुढे धरूनच आले. त्यांच्या मृण्मयीला इथल्याच एका तंजावूर मराठी घरातलं स्थळ आलंय. मुलगा मराठी बोलतो, पण देवनागरी वाचत नाही, म्हणून मुलीची माहिती इंग्रजीत पाठवायची.

"शास्त्रीबुवा, वर्क्स की वर्क्ड, तेवढं सांगा."

मृण्मयीची सिरुसेरीच्या आयटी पार्कातली नोकरी गेल्या महिन्यात गेली. त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. म्हणजे प्रश्न व्याकरणाचा नव्हताच.

म्हटलं, "संस्कृतात भूतकाळ तीन. त्यातला एक तर न पाहिलेल्या गोष्टींसाठी. पण गेलेली नोकरी परत आणणारा एकही नाही."

"इंग्रजीत असेल की. मोठी भाषा आहे." अंगठा 'वर्क्स'वरच.

मी गप्प बसायला हवं होतं का? मुलगी त्यांची, काळजीही त्यांची. अंगठा पाठवायच्या बटणाकडे सरकला, तेवढ्यात त्यांना जेवायला बोलवायला मृण्मयी आली. तिने वाकून वाचलं.

"बाबा, लग्नानंतर रोज सकाळी डबा घेऊन मी जायचं कुठे?"

रागावलीसुद्धा नव्हती. कुलकर्णींनी मग स्वतःच 'वर्क्ड' केलं, पुढे ती सध्या नवी नोकरी शोधतेय असं इंग्रजीत जोडलं आणि पाठवून दिलं. मला काही विचारलं नाही. दोन्ही वाक्यं बरोबर होती.