पोत्यावरचे शब्द

२५ मार्च

पुन्हा क्यू! सात अक्षरं मिळतात, त्यात हा आलाच पाहिजे. आणि यू नाही! यूशिवाय क्यूचं काय करायचं — चुलीत घालायचा?

हरून चालणार नाही. नातीशी, निकिताशी, पैज लागली आहे. मोबाइलवर अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द लावायचे — ती पुण्यातून, मी येरमाळ्यातून. मी जिंकलो तर ती यात्रेला घरी येणार. हरलो तर मी पुण्याला जायचं. पुण्याला! एसटीत बसलं की बार्शीच्या अलीकडंच मला ओकारी येते.

दिवाळीत माझ्या पोरानं, रणधीरनं, तिच्या लग्नाचं काढलं. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे पोरीचं. ‘परीक्षा झाल्याबिगर न्हाय,’ म्हणाली आणि बॅग उचलून गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. माझ्याशी तेवढा हा खेळ.

सहावीत शाळा सुटली माझी. माझं इंग्रजी म्हणजे रणधीरच्या खताच्या दुकानातलं. झिंक, युरिया, पोटॅश, व्हॉल्व्ह. पोत्यावर, खोक्यावर जे छापलंय तेवढं. निकिता म्हणते, ‘आबा, सगळं दुकानच मांडायलाव की!’ मला राग येतो. नंतर बरंही वाटतं.

२६ मार्च

क्यू तसाच. भाजीत मीठ नव्हतं. सगळे माझ्याच वाईटावर!

२८ मार्च

ती पुढं गेली. बरीच.

माझी म्हातारी, धुरपदा, म्हणाली, ‘काय घुसून बसलाव त्या मोबाइलमधी? भाकर गार झाली. त्या क्यूलाच लावून खावा आता!’ मी रागानं ताट सरकवलं. मग भूक लागली तेव्हा स्वतःच वाढून घेतलं. कुणी विचारलंसुद्धा नाही.

३१ मार्च

आज नवल झालं. एरवी ‘आबा, नेट जाळू नका’ म्हणून ओरडणारा रणधीर माझ्या बाजेवर येऊन बसला. म्हणाला, ‘आणा इकडं.’ इंटरनेटवर एक जागा दाखवली. आपल्याकडची अक्षरं तिथं टाकायची, ती ज्या ज्या शब्दांत आहेत ते सगळे खाली येतात. शेकड्यांनी! यू नसलेले क्यूचे शब्द पण!

क्यू-ए-टी लावला. अर्थ — कसलातरी पाला, परदेशात लोक चघळतात. आपल्या तंबाखूसारखा असणार.

‘जिंका आबा. पोरीला यात्रेला आणा,’ म्हणाला. बाप तो बापच. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

१ एप्रिल

तिचा फोन. ‘आबा, हा शब्द कुठल्या पोत्यावर वाचला?’

भडकलो! ‘म्हाताऱ्याला चोर म्हणतीस?’ म्हटलं. फोन आपटला. मग वाटलं, रुसली तर? खेळायचंच सोडलं तर? चहा प्यालो तो कडू लागला.

तिनं पुढचा शब्द लावला. म्हणजे रुसली नाही.

४ एप्रिल

मी पुढं! खेळाच्या पिशवीतली अक्षरं संपत आली.

ती म्हणाली, ‘हरले की येते. तिकीट बघून ठेवलंय. पण आबा, घरी दुसरं काय न्हाय ना? तुम्ही म्हणला तरच येते.’

‘काय न्हाय गं. नुसतं पुरणपोळी खा आणि यात्रेत आमच्यासंगं देवीच्या देवळासाठी चुनखड्या वेच,’ म्हटलं. तिनं ऐकलं. माझ्या शब्दावर.

६ एप्रिल

दुकानात मागच्या खोलीत पोत्यावर टेकलो होतो. पुढं रणधीर फोनवर — ‘पाव्हणं, तेराला, यात्रेच्या दिवशी, या जळकोटहून. पोरगी यायलीय. आमच्या आबांनी आणलीय.’

आबांनी आणलीय!

बाहेर आलो. गिऱ्हाईक उभं होतं, तरी ओरडलो. ‘म्हणून मला शिकवलंस व्हय रे ते?’

‘आबा, हळू. बागायतदार हाईत. नुसतं बघून जातील.’

‘मग तिला सांग ना तसं!’

‘सांगितलं तर येईल का ती?’

घरी आलो. धुरपदाला हे सांगितलं, तर ती खाली मान घालून शेंगा फोडत राहिली. तिलाही ठाऊक होतं! घरात सगळ्यांना ठाऊक, आणि गळाला लावायचा किडा मी!

 

७ एप्रिल

शेवटची चाल माझी. त्या इंटरनेटवाल्या जागेनं शब्द काढून दिलाय. लावला की जिंकलो.

सांगून टाकू तिला? सांगितलं तर बापाचं तोंड ती पुन्हा बघणार नाही. नाही सांगितलं तर माझं बघणार नाही. दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवला. रणधीर चार वेळा विचारून गेला — ‘लावला का आबा? लावला का?’

धुरपदा जवळ आली. मी कूस बदलली.

८ एप्रिल

खेळ सोडायचं बटण असतं, तांबडं. ते दाबलं.

तिचा मेसेज लगेच — ‘आबा! जिंकत होता की!’

मी लिहिलं — पोत्यावरचे शब्द संपले. मीच येतो.

रणधीर अंगणात बडबडतोय. बडबडू दे. ओकारीची गोळी घेतली. धुरपदानं फडक्यात लिंबू बांधून दिलं. दोन.