हळद आणि फक्की

३ नोव्हेंबर, सोमवार
फादर प्रिन्सिपलांनी बोलावलं. म्हणाले, बेन सर, अ‍ॅथलेटिक्समध्ये कॉलेजला शेवटचं मेडल कधी मिळालं? म्हणालो, बघून सांगतो. बघण्यासारखं काही नाही, हे दोघांनाही माहीत होतं.
महिनाअखेर पेणला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथे काही मिळालं नाही तर मैदान पार्किंगला जाणार. पालकांच्या गाड्या रस्त्यावर लागतात, शेजारी भांडतात. मैदान गेलं की माझी बदली लायब्ररीत. स्पोर्ट्स डायरेक्टर, लायब्ररीत.
घाबरलो नाही. फोर बाय हंड्रेड रिले. मेडल नक्की.
संकल्प: स्वतः रोज पहाटे धावणे. कोच पुढे, टीम मागे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
धावलो नाही. बूट सापडले नाहीत. बायको जोकबेद म्हणाली, गेल्या दिवाळीत भंगारात दिलेत, तुम्हीच दिलेत.
टीम तयार. कुंदन, प्रणित, महादेव: तिघं चुलतभाऊ, उरण रस्त्यावरच्या एकाच गावचे. चौथा परेश, करंजाड्याचा. स्पर्धेत कधी धावलेला नाही. पण रोज पहिल्या तासाला उशीर झाल्यावर गेटपासून वर्गापर्यंत कसा येतो, ते मी पाहिलं आहे. स्टार्ट चांगला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
प्रॅक्टिस. चुन्याची फक्की मारून लेन आखल्या. फक्की मी दुसऱ्याला मारू देत नाही. माझी रेषा सरळ येते.
आमच्या मैदानात शंभर मीटर बसत नाहीत. ऐंशीवर मरियामातेचा पुतळा आहे. मुलांना सांगितलं, उरलेले वीस मनात धावा. मुलं साठ-पासष्टवरच ब्रेक लावतात. सवय मोडायला हवी. कशी, ते ठरवायचं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
फादरांचा फोन नेमका जेवताना येतो. प्रगती विचारतात. आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. आजपासून तेवढा वेळ फोन बंद. शब्बाथ म्हणजे शब्बाथ. जोकबेद दिवे लावत होती. म्हणाली, अरे वा, लग्नानंतर पहिल्यांदाच आठवला!

८ नोव्हेंबर, शनिवार
शब्बाथ. धावलो नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
कॉलेजची प्रार्थना. मैदान बंद. धावलो नाही. माझा धर्म आणि कॉलेजचा धर्म मिळून वीकेंड जातो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बॅटन पडतं. परेश बॅटन घेताना मागे वळून बघतो. का, विचारलं. म्हणाला, सर, कोण देतंय ते बघायला नको?
बाकी प्रगती समाधानकारक.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
कुंदन आमंत्रण घेऊन आला. सर, अठ्ठावीसला दादाची हलद हाय, यायलाच पायजे. एकोणतीसला सकाळी रिले. त्यांच्याकडची हळद म्हणजे अख्खं गाव, डीजे आणि उजाडेपर्यंत नाच. विचारलं, मग स्पर्धेचं काय? म्हणाला, सर, आमी नाचू, पन येऊ.
हसलो नाही. या मुलांवर विसंबता येत नाही. ठरवलं: आय-कार्ड, चेस्ट नंबर, बॅटन, सगळं माझ्या बॅगेत. मुलांच्या हातात काही द्यायचं नाही. एकोणतीसला सकाळी सहाला पळस्पे फाट्यावर भेटायचं, तिथून पेणची एसटी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
प्लॅन: उद्या स्वतः हळदीला जायचं. आठ वाजता मुलांना मांडवातून बाहेर काढून झोपायला पाठवायचं. पाच मिनिटांचं काम. जेवायचं नाही. जोकबेद म्हणाली, हळदीला जाऊन उपाशी परतलेला माणूस पनवेलात अजून जन्मायचाय. तिला शिस्त म्हणजे काय ते कळत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ
बॅग दाराशी ठेवली. फोनमध्ये पहाटे पाचचा अलार्म लावला. शब्बाथ म्हणून फोन बंद केला. निघतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
लिहावंसं वाटत नाही.
आठला मांडवात पोचलो, हे नमूद करतो. मुलं नाचत होती. हाक मारली. तेवढ्यात कुंदनचे वडील, तुळशीरामशेठ, आडवे आले. म्हणाले, मास्तर, मांडवात आलेला मानूस उपाशी जात नाय. पोरं धावतील. तुमी बसा. डोक्याला टोपी, हातात नारळ, गालाला हळद. मान ठेवावा लागला. आधी मटणाचा ठेवला. मग ग्लासाचा. मग एका गाण्याचा. गाणी बरीच होती.
कुंदननेच स्कूटरवरून घरी सोडलं. म्हणाला, सर, सहाला फाट्यावर, इसरू नका.
अकराला जाग आली. अलार्म वाजला नव्हता. जोकबेद म्हणाली, मला वाटलं शब्बाथ पाळताय, म्हणून उठवलं नाही.
बॅग दाराशीच होती.
मुलंही झोपली असणारच. शक्यता दाट आहे.

१ डिसेंबर, सोमवार
कुंदन भेटला. कानामागे अजून पिवळं. सहाच्या आधीच चौघं फाट्यावर होते. प्रणित मला फोन लावत राहिला. पेणच्या गाड्या एकेक करून सोडल्या. मी म्हणालो, पुढे जायला हवं होतं. म्हणाला, जाऊन काय करणार, सर? नंबर तुमच्याकडं, कार्ड तुमच्याकडं.
मग म्हणाला, पन आमी धावलो, सर. तिथंच, सर्व्हिस रोडवर. चौघं, एकदा. बॅटन नव्हतं, पान्याची बाटली घेतली. परेशनं मागं नाय बघितलं.
मी विचारलं, पूर्ण शंभर?
म्हणाला, मोजलं नाय. पन कोनी थांबला नाय.

३ डिसेंबर, बुधवार
फादर रागावले नाहीत. रागावले असते तर स्पष्टीकरण तयार होतं. एवढंच म्हणाले, बेन सर, फक्की तुमच्याकडेच असते ना?

५ डिसेंबर, शुक्रवार
मैदानात गाड्यांसाठी रेषा मारल्या. दोरीचं दुसरं टोक कुंदनने धरलं. म्हणाला, सर, लेन रुंद झाली. रेषा सरळ आल्या. शिट्टीच्या दोरीला हळद लागली आहे, ती धुऊन जात नाही.
सोमवारपासून लायब्ररी.
पहिली गाडी फादरांची. सवयीने शिट्टी वाजवली. गाडी जोरात आत आली आणि साठ-पासष्टवरच ब्रेक लागला.